ग्वालिया टँक ते गिरगाव चौपाटी

स्वातंत्र्यदिन उलटून एकच दिवस झाला होता. 16 ऑगस्ट 2008, शनिवार. मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानात पाचशेच्या आसपास माणसं जमली आणि तिथून गिरगाव चौपाटीकडे चालत निघाली. अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटरचं. हातात इंद्रधनुषी झेंडे आणि फलक, सोबत ढोल, कडेने पोलिसांचा बंदोबस्त. मुंबईकराला यातलं काहीच नवीन नव्हतं. या शहरात रोज कुठे ना कुठे मोर्चा असतोच. पण गर्दीतल्या काही जणांनी चेहऱ्यावर मुखवटे चढवले होते. स्वतःच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरायचं, पण घरच्यांनी किंवा ऑफिसातल्यांनी ओळखू नये याचीही काळजी घ्यायची, अशी ती कसरत होती.

मोर्च्याचं नाव होतं ‘क्विअर आझादी मार्च’. तारीख आणि जागा दोन्ही ठरवून निवडलेल्या. ऑगस्ट क्रांती मैदान म्हणजे जुनं ग्वालिया टँक. 8 ऑगस्ट 1942 रोजी काँग्रेसच्या अधिवेशनात ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला तो इथेच. इंग्रज गेले, पण त्यांचा एक कायदा मागे राहिला, तो आता तरी जाऊ द्या, असं या पाचशे जणांचं म्हणणं. मोर्च्याने एक मागणी थेट ब्रिटिश सरकारकडेही केली: हा कायदा आमच्यावर लादल्याबद्दल माफी मागा. अनेकांना तेव्हा तो विनोद वाटला असेल. दहा वर्षांनी, एप्रिल 2018 मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी लंडनमधल्या राष्ट्रकुलाच्या मेळाव्यात अशा कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला. माफी हा शब्द त्यांनी टाळलाच.

हा कायदा म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम 377. लॉर्ड मेकॉलेच्या आयोगाने संहितेचा मसुदा 1837 मध्ये तयार केला, ती 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला या कलमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. दोन सज्ञान पुरुषांनी राजीखुशीने ठेवलेल्या संबंधांसाठी प्रत्यक्षात शिक्षा झाल्याची उदाहरणं फार थोडी. पण कायद्याला दात असतात ते फक्त कोर्टातच असं थोडंच आहे? बागेत, स्टेशनाबाहेर, रात्रीच्या रस्त्यावर पकडायचं, ‘घरी कळवू का?’ असं विचारायचं आणि खिसा रिकामा करून सोडून द्यायचं. या व्यवहाराची ना कुठे नोंद व्हायची, ना तक्रार. लुटलेल्याने तक्रार करायची म्हटली तरी ती करताना स्वतःचा ‘गुन्हा’च कबूल करावा लागे.

रस्त्यावर उतरण्यात मुंबईचा नंबर तसा उशिराच लागला. 2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात ‘फ्रेंडशिप वॉक’ निघाला, तो भारतातला पहिला. पार्क सर्कस मैदानातून पावसात निघालेली माणसं होती पंधरा. सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट. थोडं चालून झाल्यावर त्यांनी दोन गट केले आणि स्वयंसेवी संस्थांच्या नि मानवी हक्क आयोगाच्या कचेऱ्यांत जाऊन आपली पत्रकं दिली. मिरवणूक कमी आणि निवेदन देणं जास्त. पुढे 29 जून 2008 ला दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकात्यात एकाच दिवशी मोर्चे निघाले, आणि त्यानंतर सात आठवड्यांनी मुंबईचा.

हा उशीर जरा कोड्यात टाकणारा आहे. कारण या विषयावरचा कागद मुंबईत फार आधीपासून छापला जात होता. या शहरात आणि एकूणच महाराष्ट्रात ही गोष्ट आधी नियतकालिकात, मग नाटकात, मग कोर्टाच्या दप्तरात आली आणि शेवटी रस्त्यावर. रस्त्यावरचे झेंडे रंगीत असल्यामुळे फोटोत तेवढेच येतात आणि आधीचा कागद विसरला जातो.

हा कागद किती जुना? निदान 1934 इतका तरी. रघुनाथ धोंडो कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ जुलै 1927 पासून निघत होतं. कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली होती. मासिकात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ, कोरड्या भाषेत उत्तरं देत. त्यात हस्तमैथुनाबद्दल विचारणारे असत, तसेच समलिंगी आकर्षणाबद्दल विचारणारेही. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारत असतील आणि जाणकार माणूस त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तर देत असेल, तर त्यात अश्लील काय, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलिंगी संबंधांबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या पाश्चात्त्य संशोधकांचा दाखला दिला. खटला ते हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

दंड भरून कर्वे पुन्हा पुढच्या अंकाला लागले आणि 1953 मध्ये मरेपर्यंत मासिक काढत राहिले. प्रश्न पाठवणारे मात्र इतिहासात कुठेच सापडत नाहीत. पोस्टाने प्रश्न धाडून छापील उत्तराची महिनाभर वाट पाहणारी ती माणसं कोण होती, कुठल्या गावची होती, हे कोणी कधी नोंदवलं नाही. कर्व्यांना ज्या कॉलेजातून जावं लागलं ते विल्सन कॉलेज गिरगाव चौपाटीच्या अगदी समोर आहे. 2008 चा मोर्चा त्याच चौपाटीपाशी येऊन थांबला. आयोजकांनी तो योग काही जुळवून आणलेला नसावा.

कर्व्यांनंतर बराच काळ मराठीत या विषयावर शुकशुकाट होता. 1981 मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. त्यातल्या सुमित्राची, म्हणजे मित्राची, भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. मराठी रंगभूमीवर समलिंगी स्त्री पहिल्यांदाच नाटकाच्या मध्यभागी उभी राहिली, हे खरंच. पण ती एकटी उभी राहिली आणि शेवटी तिने जीव दिला. तेंडुलकरांना दोष देण्याचं कारण नाही. त्या काळच्या समाजात तिला दुसरी जागा दाखवणं हेच खोटं झालं असतं. पुढे चेतन दातारांनी ‘एक माधवबाग’ लिहिलं. मुलगा समलिंगी आहे हे आईला कळतं, एवढंच त्याचं कथानक. यात बोलते ती आई. दातार 2 ऑगस्ट 2008 रोजी गेले, पहिल्या मोर्च्याच्या दोन आठवडे आधी. मोना आंबेगावकर यांनी नंतर ‘एक माधवबाग’चे प्रयोग गावोगावी केले, आणि घरात हा विषय काढता न येणाऱ्या किती जणांना या एका नाटकाचा आधार झाला, त्याची मोजदाद नाही.

संघटनेची गोष्ट सुरू होते अशोक राव कवींपासून. पेशाने पत्रकार, जिभेने तिखट. 1986 मध्ये त्यांनी ‘सॅव्ही’ मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचं नावानिशी सांगितलं. 1990 मध्ये त्यांनी काही मित्रांच्या साथीने ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं. सुरुवातीला ते हातोहात फिरणारं पत्रकच होतं, मग रीतसर नोंदणी झालेलं नियतकालिक झालं. देशभरातून पत्रं येऊ लागली. लिहिणाऱ्यांच्या अडचणी तशा कर्व्यांच्या वाचकांच्याच. फरक एवढाच की आता उत्तर देणारा डॉक्टर किंवा सुधारक नव्हता, त्यांच्यासारखाच एक जण होता.

1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. सांताक्रूझच्या वाकोल्यात, मुंबई महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. कारण होतं एड्स. ज्या लोकांचं अस्तित्वच कायद्याला मान्य नव्हतं त्यांच्यापर्यंत आरोग्यखात्याला पोचायचं होतं, आणि पोचायचा दुसरा रस्ता नव्हता. म्हणजे एकाच वेळी पोलिसांच्या लेखी हे संभाव्य गुन्हेगार आणि महापालिकेच्या लेखी आरोग्यसेवक. सरकारी कारभारात असं चालतं. पुढची अनेक वर्षं वाकोल्याचा तो जिना चढणाऱ्यांत रक्ताची तपासणी करायला आलेले जितके असत, तितकेच नुसतं कोणाशी तरी बोलायला आलेलेही असत.

त्याच वर्षाच्या शेवटी जुहूला एसएनडीटीच्या आवारात दक्षिण आशियातल्या समलिंगी पुरुषांची परिषद भरली. तिला विरोध झाला तो डाव्या विचारांच्या एका महिला संघटनेकडून. नॅशनल फेडरेशन ऑफ इंडियन विमेनच्या विमला फारूकी यांनी परिषद रद्द करावी म्हणून पंतप्रधानांना लिहिलं. तरी ती झाली. स्त्रियांनी मात्र आपला वेगळा गट बांधला. 1995 मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ सुरू झाला, त्याचंच नाव पुढे ‘लेबिया’ झालं. पुरुषांच्या बैठकांना निदान बागा आणि स्टेशनं तरी होती, बायकांना रात्री घराबाहेर पडायचीच चोरी.

आणि मग आला ‘फायर’. दीपा मेहतांचा हा सिनेमा, दोन जावांच्या प्रेमाचा. 2 डिसेंबर 1998 रोजी मुंबईत शिवसेनेच्या महिला आघाडीने न्यू एम्पायर आणि गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये घुसून तोडफोड केली. राज्यात युतीचं सरकार होतं आणि मुख्यमंत्री मनोहर जोशींनी तोडफोड करणाऱ्यांचं जाहीर कौतुक केलं. सर्वोच्च न्यायालयात दाद मागायला दिलीपकुमार पुढे आले, तेव्हा शिवसैनिकांनी त्यांच्या घरासमोर अर्ध्या कपड्यांत निदर्शनं केली. संस्कृतिरक्षणाचा तो अवतार महाराष्ट्राने निमूट पाहिला. 7 डिसेंबरला दिल्लीच्या रीगल सिनेमासमोर मात्र मेणबत्त्या घेऊन बायका जमल्या. त्यांच्यातल्या एका फलकावर ‘भारतीय आणि लेस्बियन’ अशा अर्थाचा मजकूर होता. तो फोटो छापून आला. मुंबई हे सगळं पाहत होती. शहरात मोर्चा निघायला आणखी दहा वर्षं का लागली, याच्या उत्तरात या आठवड्याचाही वाटा असणार.

2008 च्या पहिल्या मोर्च्यानंतर वर्षभराच्या आत निकाल आला. नाझ फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने 2001 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर 2 जुलै 2009 रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निर्णय दिला: सज्ञान व्यक्तींचे खाजगीतले, संमतीने ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. शाह मूळचे सोलापूरचे, वकिली आणि न्यायाधीशपद मुंबई उच्च न्यायालयात गाजवून दिल्लीला गेलेले. कोलकात्याच्या त्या पंधरा जणांच्या चालण्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती. ऑगस्टमधला मुंबईचा दुसरा मोर्चा विजयी मिरवणुकीसारखा झाला. पुढे पावसाळा टाळून तो जानेवारीच्या अखेरीस निघू लागला आणि पाचशेंचे काही हजार झाले.

पुण्याची तऱ्हा निराळी. तिथला पहिला मोर्चा निघाला 11 डिसेंबर 2011 रोजी, आणि त्यात शंभराच्या आसपास लोक होते. आयोजक ‘समपथिक ट्रस्ट’, म्हणजे बिंदुमाधव खिरे. हे संगणक क्षेत्रातले गृहस्थ. अमेरिकेतली नोकरी सोडून परतले आणि 2002 मध्ये त्यांनी ही संस्था काढली. मुंबईची चळवळ इंग्रजीत आणि हिंदीत बोलायची. खिऱ्यांनी मराठीत लिहायला घेतलं. 2005 मध्ये ‘पार्टनर’ ही कादंबरी आली, मग लैंगिकतेवरची माहितीपर पुस्तकं, मग पालकांच्या अनुभवांचं ‘मनाचिये गुंती’. भाषा साधी, विषय एकच, आणि वाचक म्हणजे इचलकरंजीत किंवा परभणीत इंग्रजी वाचनाची सवय नसलेला, आपल्याला काय होतंय हे न कळणारा एखादा मुलगा. साहित्यिक तोलामोलाने ही पुस्तकं कमी पडतात असं कोणी म्हटलं तर वाद घालायला नको. पण सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी ज्या वाचकाच्या हाती पडणार नव्हती, त्याच्या हाती ‘पार्टनर’ पडली.

पुण्यात पुढे जो मार्ग रूढ झाला तो असा: संभाजी उद्यानातून निघायचं, गरवारे पुलावरून गुडलक चौक, मग फर्ग्युसन रस्त्याने ज्ञानेश्वर पादुका चौकापर्यंत, आणि जंगली महाराज रस्त्याने परत उद्यानात. पुणेकराला हा रस्ता पालख्यांमुळे पाठ असतो. मिरवणूक पाहायला थांबणं, तिच्यावर मतं व्यक्त करणं आणि वाहतूक अडली म्हणून कुरकुरणं ही तिन्ही कामं तो एकाच वेळी करू शकतो, आणि इथेही त्याने ती केली.

वादही अस्सल पुणेरी झाला. 2017 च्या मोर्च्याआधी आयोजकांनी सांगितलं की कपडे ‘सभ्य’ घाला. खिऱ्यांचं गणित असं की बघ्यांमधल्या मध्यमवर्गीय आईबापांना घाबरवून आपलं काम होणार नाही. तरुण पोरांचं म्हणणं असं की कोणी काय नेसावं हे सांगणाऱ्यांना कंटाळूनच तर आम्ही रस्त्यावर आलो. त्यात तृतीयपंथी मैत्रिणींचा प्रश्न आणखी टोकदार: ज्यांच्या नुसत्या साडी नेसण्यालाच लोक असभ्य म्हणतात, त्यांनी कुठली सभ्यता पाळायची? काहींनी त्या वर्षी मोर्च्याकडे पाठ फिरवली. दोन्ही बाजूंना आपापलं खरं होतं. पण घरात घेतात म्हणून ‘सभ्य’ राहणाऱ्याला आणि घरातून कधीच हाकललेल्याला एकाच नियमाने बांधता येत नाही, हे त्या वादात तरुणांनी अचूक ओळखलं.

मधल्या काळात कायदा पुन्हा उलटला होता. 11 डिसेंबर 2013 रोजी, पुण्याच्या पहिल्या मोर्च्याला दोन वर्षं होत असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द केला. समलिंगी लोकांची संख्या नगण्य आहे, हा त्यातला एक मुद्दा. निकाल देणाऱ्या खंडपीठातले न्यायमूर्ती सिंघवी त्याच दिवशी निवृत्त झाले. हरणाऱ्या बाजूला एक नवलाची गोष्ट होती: 19 पालक स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे होते, आमच्या मुलांना गुन्हेगार ठरवू नका म्हणून. ‘माती माय’ करणाऱ्या चित्रा पालेकर त्यांच्यापैकी एक. त्यांनी आपल्या समलिंगी मुलीबद्दल जाहीर सभांमधून बोलायला सुरुवात केली, आणि व्याख्यानमालांना जाणाऱ्या मराठी श्रोत्यांना पहिल्यांदाच असं वाटलं की हे आपल्यातल्या कुणाच्या तरी घरात घडलेलं आहे. ‘एक माधवबाग’मधली आई नाटकातून उठून सभागृहात आल्यासारखं होतं ते.

दरम्यान 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या प्रकरणात होत्या. आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने 377 चा सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. मेकॉलेच्या मसुद्यानंतर 181 वर्षांनी.

आता मोर्चा कशासाठी, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याचं उत्तर 1 फेब्रुवारी 2020 ला मिळालं, तेही वाकड्या वाटेने. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्धची आंदोलनं पेटलेली होती. मोर्च्यात त्या घोषणा होतील या भीतीने पोलिसांनी ऑगस्ट क्रांती मैदानातून निघायला परवानगी नाकारली. मेळावा आझाद मैदानात भरला. तिथे काही जणांनी या आंदोलनांतल्या भाषणांवरून तेव्हा अटकेत गेलेल्या शर्जील इमामच्या समर्थनार्थ घोषणा दिल्या आणि पोलिसांनी 51 जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला. आयोजकांनी त्या घोषणांशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. त्यावरून आतल्या आत फूट पडली. एक गट म्हणत होता की आपला प्रश्न वेगळा ठेवला नाही तर मैदानही जाईल. दुसरा म्हणत होता की समलिंगी माणूस दलित असतो, मुसलमान असतो, त्याने त्या अर्ध्या भागाला घरी ठेवून यायचं का? आझादी या शब्दाने सुरू झालेल्या मोर्च्याला हा प्रश्न केव्हातरी पडणारच होता.

न्यायालयांची वाट 17 ऑक्टोबर 2023 रोजी पुन्हा अडली. विवाहाचा मूलभूत हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. काय सवलती देता येतील ते पाहायला सरकारने समिती नेमावी, एवढ्यावर ते थांबलं. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 377 नाहीच, त्यामुळे पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर झालेल्या बळजबरीसाठी जे कलम हाताशी होतं तेही गेलं. समितीच्या कामातून 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही सूचना निघाल्या: समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडू द्यावं, खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमू द्यावं, आणि शिधापत्रिकेसाठी दोघांना एकाच कुटुंबातलं धरावं. गेल्या दीडशे वर्षांत सरकारने या माणसांसाठी ‘कुटुंब’ हा शब्द वापरला तो असा, शिधावाटपाच्या संदर्भात.